शाळेचं रेटिंग बघून घर घ्यायचं म्हणजे नक्की काय बघायचं?

चिंचगुळ

नमस्कार मंडळी. डेट्रॉईटच्या उपनगरात राहतो, सध्या भाड्याने. मुलगी पुढच्या वर्षी किंडरगार्टनला जाणार, म्हणून घर शोधणं चालू आहे. शोधून शोधून दोन गावं उरली आहेत. नावं मुद्दाम देत नाही, नाहीतर धागा त्या गावांच्या भांडणातच संपायचा.

पहिल्या गावातल्या शाळेला दहापैकी ९, दुसऱ्या गावातल्या शाळेला ४. दुसरीकडचं घर ऐसपैस, विटांचं, नवऱ्याच्या ऑफिसपासून जवळ आणि तरीही बरंच स्वस्त. पहिल्या गावात आपली भरपूर माणसं, दुसऱ्यात बहुतेक कृष्णवर्णीय कुटुंबं. ज्या ज्या मराठी ओळखीच्यांना विचारलं त्या सगळ्यांनी एकच सांगितलं, "अगं, तिकडे कशाला? शाळा बघ ना." त्यांतल्या एकानेही ती शाळा आतून पाहिलेली नाही.

दोन्ही गावांच्या मध्ये फक्त एक रस्ता आहे. तर मला दोन गोष्टी कळून घ्यायच्यात. हे ९ आणि ४ नक्की कशाचे आकडे? आणि एक रस्ता ओलांडला की शाळा, घराची किंमत आणि माणसांचा रंग, तिन्ही एकदम बदलतात हे कसं काय? अनुभव सांगा. उपदेश नको.

हरभरा

९ वालं घ्या. धागा बंद करा.

मनीमाऊ

उपदेश नको म्हटल्यावर मराठी माणूस कधी थांबलाय का? :फिदी: मी चहा घेऊन बसले आहे.

वुडवर्डकर

चिंचगुळ, मी इथे ऐंशीच्या दशकापासून आहे, त्यामुळे जरा लांबण लावतो.

एट माईल रोडच्या दक्षिणेला, डेट्रॉईट शहराच्या हद्दीत, बर्वूड नावाच्या रस्त्याच्या मागे एक भिंत आहे. वेळ काढून बघून या. काँक्रीटची, सहा फूट उंच, साधारण अर्धा मैल लांब. लोकांच्या परसांमधून जाते आणि एका खेळाच्या मैदानाच्या कडेला बाहेर येते. तिथे तिच्यावर आता चित्रं रंगवली आहेत. १९४१ साली एका बिल्डरला तिथे गोऱ्यांसाठी घरं बांधायची होती. शेजारी कृष्णवर्णीयांची वस्ती आधीपासून होती, म्हणून फेडरल हाऊसिंग अ‍ॅडमिनिस्ट्रेशन, म्हणजे एफएचए, कर्जांना हमी देईना. बिल्डरने मध्ये भिंत घातली आणि हमी मिळाली. ती ओलांडायला मांजरालासुद्धा कष्ट पडणार नाहीत. तिचं काम कर्जाच्या कागदावर होतं.

एफएचए १९३४ ची. कमी डाऊन पेमेंट आणि लांब मुदतीचं कर्ज सर्वसामान्य माणसाला मिळू लागलं ते तिच्या हमीमुळे. पण मिश्र वस्ती म्हणजे जोखीम हे तिच्या नियमपुस्तकातच होतं. खरेदीखतात वंशाची अट घाला अशी शिफारसही होती. १९४८ मध्ये शेली खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की अशा अटी कोर्टांनी अमलात आणायच्या नाहीत. त्याच निकालात डेट्रॉईटच्या सीबाल्ट रस्त्यावरच्या मॅकगी कुटुंबाचंही प्रकरण होतं. पण वंशावरून घर नाकारणं देशभर बेकायदा व्हायला १९६८ उजाडलं. तोवर उपनगरं भरून गेली होती. डेट्रॉईटची लोकसंख्या १९५० मध्ये १८.५ लाख होती, २०२० मध्ये ६ लाख ३९ हजार.

शाळांचं नंतर लिहितो, पानं वाढलीत.

वाटाड्या

ते लाल नकाशे राहिले की! वस्त्यांच्या हिरवा, निळा, पिवळा, लाल अशा चार श्रेणी, आणि लाल म्हणजे कर्ज विसरा. रिचमंड विद्यापीठाने सगळे नेटवर टाकलेत, आपली गल्ली शोधता येते. आमच्या क्लीव्हलंडचा नकाशा बघण्यात अख्खा रविवार गेला. बायको म्हणाली, लॉन तुझा बाप कापणार का.

वुडवर्डकर

वाटाड्या, ते नकाशे होम ओनर्स लोन कॉर्पोरेशन या सरकारी संस्थेचे, १९३० च्या दशकातले. दिसायला नाट्यमय म्हणून सगळीकडे तेच फिरतात. पण ते फार कुणाला वाटले गेले नव्हते, आणि त्या संस्थेने स्वतः कृष्णवर्णीयांनाही कर्जं दिली होती. इतिहासकारांत यावर बरीच खडाजंगी चालते. माझं मत विचाराल तर खरं नुकसान एफएचएने केलं. तिला नकाशा रंगवायची गरजच पडली नाही.

कोकणी_फणस

सगळं वाचलं. वाईट झालं, मान्य. पण आम्ही २००९ मध्ये दोन सूटकेस घेऊन आलो. आमच्या आजोबांनी कुणाच्या परसात भिंत घातली नव्हती. कष्टाच्या पैशाने मी मुलासाठी चांगली शाळा विकत घेतो, यात वंशवाद कुठून आला? कोरियन, चिनी, गुजराती सगळे हेच करतात. अपराधी वाटून घ्यायचं कंत्राट मराठी माणसालाच का?

पाऊणवट

"चांगली शाळा विकत घेतो"... सरकारी शाळा ना ती, काका? (दिवा घ्या)

कोकणी_फणस

प्रॉपर्टी टॅक्सचं बिल येऊ दे, मग दिवा लावतो.

निमा_मास्तरीण

मी शिकवते. चिंचगुळने लिहिलंय तशाच एका ४ वाल्या शालेय जिल्ह्यात (इथे शाळांचे जिल्हे वेगळे असतात), मिडल स्कूलला गणित. आधी फणसकाकांच्या टॅक्सचं बघू.

मिशिगनमध्ये १९९४ च्या प्रपोझल ए नावाच्या सुधारणेने शाळांचा रोजचा खर्च बराचसा प्रॉपर्टी टॅक्सवरून काढून राज्याच्या विक्रीकरावर टाकला. विक्रीकर ४ टक्क्यांचा ६ टक्के झाला तो तेव्हाच. त्यामुळे दर विद्यार्थ्यामागे राज्याकडून रक्कम येते आणि जिल्ह्याजिल्ह्यांतली दरी पूर्वीपेक्षा कमी झाली, हे खरं आहे. पण इमारती अजून गावच्याच टॅक्सवर. एक मिल म्हणजे हजार डॉलर करपात्र किमतीला एक डॉलर. ज्या जिल्ह्यात विद्यार्थ्यामागे ५ लाखांची मालमत्ता आहे तिथे एका मिलला विद्यार्थ्यामागे ५०० डॉलर जमतात. जिथे १ लाखाची आहे तिथे १००. छपराचं कंत्राट घेणारा मात्र दोघांनाही तोच भाव सांगतो.

वर स्कूल्स ऑफ चॉइस. १९९६ पासून मूल शेजारच्या जिल्ह्यात जाऊ शकतं, त्या जिल्ह्याने दार उघडलं तर. मूल गेलं की त्याच्यामागचे पैसेही गेले. ज्यांच्याकडे गाडी आहे आणि सकाळी पोचवायला माणूस आहे, त्यांची मुलं जातात. आमच्याकडे ऑक्टोबरच्या पहिल्या बुधवारी काऊंट डे असतो. त्या दिवशीच्या हजेरीवर वर्षाच्या पैशाचा मोठा हिस्सा ठरतो. म्हणून त्या दिवशी डोनट, पिझ्झा, लकी ड्रॉ, सगळं. ऑफिसातल्या दोघीजणी सकाळी साडेसातपासून फोनवर: "ताप उतरला असेल तर पाठवा हो, निदान दुपारपर्यंत." ९ वाल्या गावातल्या पालकांना काऊंट डे कधी येऊन गेला ते कळतही नाही.

आता रेटिंग. किती मुलं परीक्षेत पास, हा आकडा मुख्यतः मुलं कुठल्या घरातून येतात ते सांगतो. माझ्या वर्गात सहावीचं मूल तिसरीच्या पातळीचं गणित घेऊन आलं आणि वर्षअखेर पाचवीच्या पातळीला पोचलं, तरी निकालात ते नापासच. त्याने वर्षात दोन इयत्ता चढल्या हे फक्त ग्रोथच्या, म्हणजे वर्षभरातल्या प्रगतीच्या आकड्यात दिसतं. हे रेटिंग देणाऱ्या ग्रेटस्कूल्स साइटने २०२० मध्ये ग्रोथला जास्त वजन दिलं, पण लोक बघतात तो वरचा मोठा आकडाच. चिंचगुळ, दोन्ही शाळांचा ग्रोथ वेगळा काढून बघ.

आणि लपवत नाही, गेल्या वर्षी आमच्याकडे सायन्सला बरेच महिने कायमचा शिक्षक नव्हता. सब, म्हणजे बदली शिक्षक, येत होते. एक तर फुटबॉलचे कोच होते, त्यांनी अणूची रचना खेळाडूंच्या पोझिशनवरून शिकवली. मुलांना ती अजून पाठ आहे, तो भाग वेगळा.

आबा_सांगलीकर

अवांतर: निमाताई, तुमच्या काऊंट डेवरून आपल्याकडची २०११ ची पटपडताळणी आठवली. आपल्या शाळा नसलेली पोरं दाखवत होत्या, तुमच्या शाळांना असलेली गोळा करताना घाम फुटतो.

मनीमाऊ

आबा :हहपुवा:

अंजिरी

फणसकाका, "मराठी माणसालाच का" यावर एक गंमत सांगते.

आमचं घर १९४० च्या दशकातलं. क्लोजिंगच्या, म्हणजे खरेदी पुरी होतानाच्या कागदांच्या गठ्ठ्यात मूळ प्लॉटिंगच्या अटींची झेरॉक्स होती. टाईपरायटरवरची, फिकट. कोंबड्या पाळू नयेत. कुंपण अमुक फुटांच्या वर नको. आणि त्यांच्याच रांगेत, तितक्याच शांतपणे: कॉकेशियन वंशाखेरीज कोणीही या जागेत राहू नये, घरकामाचे नोकर सोडून. मी नवऱ्याला म्हटलं, म्हणजे तुला इथे भांडी घासायला राहता आलं असतं. तो म्हणाला, आत्ता काय वेगळं चाललंय.

हसून झाल्यावर वाचत बसले. भारतीय माणूस "गोरा" नाही म्हणून त्याला नागरिक होता येणार नाही, असं सुप्रीम कोर्टाने १९२३ मध्ये भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात ठरवलं. इथल्याच ग्रोस पॉइंटमध्ये एजंट लोक गिऱ्हाइकांना गुण देत, हे १९६० मध्ये उघडकीला आलं. रंग किती सावळा, उच्चार कसे, राहणी किती "अमेरिकन". पोलिश माणसाला ५५ गुण लागत, ज्यूंना ८५. कृष्णवर्णीय आणि आशियाई लोकांना परीक्षेलाच बसू देत नसत. तुमच्या सूटकेस आत आल्या त्या १९६५ च्या इमिग्रेशन कायद्याच्या दारातून, आणि घर मिळालं ते १९६८ च्या कायद्याने. हे दोन्ही कायदे नागरी हक्कांच्या चळवळीच्या रेट्याशिवाय झाले नसते. ती चळवळ कुणी लढवली ते सांगायला नको.

कोकणी_फणस

अंजिरी, ग्रोस पॉइंटचं माहीत नव्हतं. चळवळीचे उपकार शंभर टक्के मान्य. पण ते माझ्या मुलाच्या अल्जेब्राने का फेडायचे? मूल एकदाच बारा वर्षांचं असतं. जिल्हा सुधारेपर्यंत ते कॉलेजात गेलेलं असेल.

आणि खरं सांगा, आज हा पैशाचाच प्रश्न आहे ना? पैसे असलेला कृष्णवर्णीय डॉक्टर आमच्या शेजारी राहतो. त्याला कुणी अडवलं?

वाटाड्या

फणसकाका, पैशाचा असता तर सारख्या पगाराची माणसं सारख्या वस्तीत राहिली असती. ब्राऊन विद्यापीठाचा २०११ चा एक अहवाल आहे: वर्षाला ७५ हजार डॉलरपेक्षा जास्त कमावणारी कृष्णवर्णीय कुटुंबं सरासरीने ज्या वस्तीत राहतात, ती ४० हजारांच्या आत कमावणाऱ्या गोऱ्यांच्या वस्तीपेक्षा गरीब असते. पगार या पिढीचा असतो, डाऊन पेमेंट आजोबांच्या घरातून येतं. ज्या आजोबांना १९५० मध्ये कर्जच मिळालं नाही त्यांच्या नातवाला काय द्यायला होतं?

तुमच्या बाजूनेही एक सांगतो, नाहीतर म्हणाल गँग झाली. नव्वदच्या दशकात पाच शहरांत सरकारने सोडत काढून काही गरीब कुटुंबांना कमी गरिबीच्या वस्तीत जायला व्हाउचर दिले होते. राज चेट्टी आणि सहकाऱ्यांनी त्या मुलांचं पुढे काय झालं ते तपासलं. तेराव्या वर्षाच्या आत जी मुलं तिकडे गेली त्यांची विशीतली कमाई ३१ टक्क्यांनी जास्त निघाली. म्हणजे वस्तीने फरक पडतो. पण ही अतिशय गरीब वस्तीतून बाहेर पडलेली मुलं होती. दोन इंजिनियरांचं मूल ४ वरून ९ वर नेल्याने असंच काही होतं, हे त्यातून निघत नाही.

वुडवर्डकर

शाळांचं कबूल केलं होतं.

शाळांतलं वंशविभाजन घटनाबाह्य ठरवणारा १९५४ चा ब्राऊन निकाल सगळ्यांना पाठ असतो. वीस वर्षांनी त्याची हवा काढणारा खटला आपल्याच गावचा: मिलिकन विरुद्ध ब्रॅडली, १९७४. डेट्रॉईटच्या शाळा वंशावरून विभागल्या गेल्यात आणि त्यात सरकारचा हात आहे, हे खालच्या कोर्टात सिद्ध झालं होतं. पण शहरात गोरी मुलंच इतकी कमी उरली होती की मिसळायचं कुणाला हाच प्रश्न. म्हणून न्यायाधीश स्टीफन रॉथ यांनी १९७२ मध्ये आसपासचे ५३ उपनगरी जिल्हे योजनेत धरले. सुप्रीम कोर्टाने ५ विरुद्ध ४ मतांनी ते मोडीत काढलं. उपनगरांनी स्वतः भेदभाव केल्याचं सिद्ध करा, मगच त्यांच्या हद्दीत या. न्यायमूर्ती थर्गुड मार्शल यांनी विरोधी मतात बजावलं होतं की प्रत्येक महानगराचे एक गोरं आणि एक काळं असे दोन तुकडे होऊ देणं आज सोपं वाटेल, पण पुढे पस्तावाल.

त्याच्या आदल्या वर्षी टेक्सासचा रॉड्रिग्ज खटला, तोही ५-४. शिक्षण हा अमेरिकी घटनेतला मूलभूत हक्क नाही, प्रॉपर्टी टॅक्सवर शाळा चालवल्या तरी चालेल. आता दोन्ही निकाल शेजारी ठेवा. हद्द ओलांडून मुलं मिसळायची नाहीत आणि हद्दीतला पैसा हद्दीतच राहणार. चिंचगुळ, तुमचा तो "फक्त एक रस्ता" आहे ना, त्याचं वजन इथून आलं. भिंत कुणी बांधली ते तरी दिसतं. जिल्ह्याच्या रेघेवर बिल्डरचं नाव नसतं.

बर्मिंगहॅमवासी (अलाबामा)

रेघा नव्याने आखायचेही प्रयत्न होतात. आमच्या जेफरसन काउंटीतलं गार्डनडेल गाव स्वतःचा वेगळा शालेय जिल्हा काढायला निघालं होतं. अपील कोर्टाने २०१८ मध्ये अडवलं, कारण हेतू वंशाचा असल्याचं आधीच्या कोर्टालाच आढळलं होतं. आमची काउंटी तेव्हा जुन्या विभाजनविरोधी आदेशाखाली होती म्हणून निदान कोर्टात जाता आलं. बाहेर बोलताना सगळे "लोकल कंट्रोल" एवढंच म्हणत होते.

सदाशिव_नको

पुण्यात बसून वाचतोय. इथे रेटिंग लागत नाही, ब्रोकर फोनवर आडनाव विचारतो. पुढचं सगळं त्याला कळतं.

मिरजकर_शेख

सदाशिव, आडनाव तरी विचारतात का? मुंबईत घर शोधत होतो तेव्हा फोनवर माझं मराठी ऐकून "या की आजच बघायला". दारात नाव सांगितलं की "अहो, मालकांनी कालच दिलं". तीच जाहिरात पुढच्या आठवड्यात परत. शेवटी घर मिळालं ते जिथे आमचेच लोक आहेत तिथे. मग मुलांची शाळाही तिथलीच. आणि आता नातेवाईक विचारतात, तुम्ही लोक एकत्रच का राहता?

तिकडे अमेरिकेत १९६८ चा कायदा तरी आहे. आपल्या सुप्रीम कोर्टाने २००५ मध्ये अहमदाबादच्या पारशी सोसायटीच्या खटल्यात एकाच समाजाला सभासदत्व देणारे उपविधी चालतील असं म्हटलंय.

आबा_सांगलीकर

शेखसाहेब, मनापासून वाईट वाटलं.

गावात तर नकाशाही लागत नाही, कुणाचं घर कुठल्या अंगाला ते जन्मापासून माहीत. डिसेंबर २०२० मध्ये सरकारने वस्त्यांची जातिवाचक नावं बदलायचं ठरवलं. आमच्याकडे नवी पाटी लागली, एसटीचा कंडक्टर जुनंच नाव पुकारतो.

सदाशिव_नको

आणि शाळांचं घ्या. आरटीईच्या २५ टक्के जागा २०२४ मध्ये सरकारने हळूच काढून घेतल्या होत्या. एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला सूट. हायकोर्टाने जुलैत तो नियम रद्द केला आणि सुप्रीम कोर्टानेही तेच कायम ठेवलं. त्या वेळी आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर काय काय मेसेज फिरले ते इथे लिहिलं तर ॲडमिन धागा उडवतील.

मनीमाऊ

धागा डेट्रॉईटहून सुटला, सांगलीला थांबला, पुण्यात बिघडला. चिंचगुळ, आहेस ना?

चावीवाली

माझं लायसन्स न्यू जर्सीचं, घरं विकते. गिऱ्हाईक पहिल्याच भेटीत विचारतं, शाळा चांगली आहे का, "लोक" कसे आहेत. मला उत्तर देता येत नाही. वंशावरून माणसाला एका वस्तीकडे किंवा वस्तीपासून दूर वळवणं, आमच्याकडे त्याला स्टिअरिंग म्हणतात, फेअर हाऊसिंग कायद्याखाली बेकायदा आहे. मी म्हणते, साइटवर आकडे आहेत, बघा.

तरी स्टिअरिंग चालतंच. लाँग आयलंडवर न्यूजडे वर्तमानपत्राने तीन वर्षं छुपी तपासणी करून २०१९ मध्ये छापलं. सारखीच मिळकत आणि सारखीच गरज सांगणारी दोन माणसं एकाच एजंटकडे पाठवायची, एक गोरा, एक नाही. कृष्णवर्णीयांना ४९ टक्के वेळा वेगळी वागणूक मिळाली, हिस्पॅनिकांना ३९ टक्के, आशियाईंना १९ टक्के. त्या १९ मध्ये तुम्ही-आम्ही येतो.

पण मला जे बोलायला बंदी आहे ते आपले लोक फुकट बोलतात. बारशाला, गणपतीला, व्हॉट्सअ‍ॅपवर. "त्या झिप कोडच्या नादी लागू नका." गिऱ्हाईक माझ्याकडे येतं तेव्हा तीन झिप कोड आधीच ठरलेले असतात. मी फक्त कुलूप उघडते.

एडिसनचा_भाऊ

चावीवाली +१, आणि एक पायरी पुढे जातो. न्यू जर्सीच्या सुप्रीम कोर्टाने १९७५ मध्ये माऊंट लॉरेल निकालात सांगितलं की प्रत्येक वाढत्या गावाने आपल्या वाट्याची परवडणारी घरं होऊ दिली पाहिजेत, मोठ्या प्लॉटचे नियम करून गरिबांना बाहेर ठेवायचं नाही. गावांनी वर्षानुवर्षं टोलवाटोलवी केली. १९८५ च्या कायद्यात तर श्रीमंत गावाला आपला अर्धा वाटा पैसे देऊन दुसऱ्या, बहुधा गरीब शहराच्या गळ्यात मारायची सोय होती. ती २००८ मध्ये बंद झाली.

आमच्या टाऊनशिपमध्ये अशा एका प्रकल्पाची सभा होती. मी शेवटच्या रांगेत. माइकवर एकामागून एक आपलेच लोक. ट्रॅफिक वाढेल. शाळेवर ताण येईल. पाणी तुंबतं. एक काकू म्हणाल्या, आम्ही एवढे पैसे देऊन इथे कशाला आलो? त्यांच्या मागे बसलेला एक म्हातारा गोरा गृहस्थ जोरजोरात मान डोलावत होता. चाळीसेक वर्षांपूर्वी त्याच गृहस्थाने काकूंच्याच विरोधात मान डोलावली असती, एवढं मी पैजेवर सांगतो. १९८७ मध्ये जर्सी सिटीत टिकली लावणाऱ्यांना धमक्या देणारी टोळी होती, हे त्या हॉलमधल्या किती जणांना माहीत असेल?

कोकणी_फणस

पाणी खरंच तुंबत असेल तर? प्रत्येक तक्रारीत वंश शोधायचा म्हटलं तर माणसाने बोलूच नये.

एडिसनचा_भाऊ

पाणी तुंबतं, फणसकाका. त्याच जागेवर आधी मोठ्या बंगल्यांचा प्रकल्प येणार होता. तेव्हाही तुंबलं असतं. त्या सभेला हॉल रिकामा होता.

चिंचगुळ

आहे, आहे. सगळं वाचतेय. दोन्ही शाळा आतून बघून आले.

९ वाल्या शाळेत फोन केला तर आधी पत्ता विचारला. जिल्ह्यात राहत नसाल तर टूर ठरावीक दिवशीच. प्रवेशाला राहण्याचे पुरावे कुठले कुठले चालतात याचा कागद भिंतीवर, आणि खोटा पत्ता दिल्यास काय कारवाई होईल तेही. शाळा सुंदर आहे, त्यात वाद नाही. वर्गात अर्धी मुलं देसी. माझ्या मुलीला पहिल्याच दिवशी मैत्रिणी मिळतील.

४ वाल्या शाळेत प्रिन्सिपल बाई स्वतः दारात उभ्या होत्या, येणाऱ्या प्रत्येक मुलाला नावाने हाक मारत. किंडरगार्टनच्या बाईंचा वर्ग मला तिथला जास्त आवडला. पण लायब्ररी अर्धा आठवडा बंद, कारण लायब्रेरियन दोन शाळांत मिळून एक. जिन्याखाली बादली ठेवलेली होती. निमाचं छप्पर आठवलं.

ग्रोथ काढून बघितला. दोन्ही शाळांत उन्नीस-बीस. नवऱ्याला दाखवला. तो म्हणतो, मान्य, पण रिसेलचं काय? घर विकायला काढू तेव्हा समोरचा ग्रोथ बघणार नाही, ४ बघणार. यावर मला उत्तर सुचलं नाही.

वुडवर्डकर

नवरा बरोबर बोलतो आणि अडचण तीच आहे. डेट्रॉईटच्या उपनगराचं, साऊथफील्डचंच बघा. १९७० मध्ये जवळजवळ पूर्ण गोरं, आता सुमारे ७० टक्के कृष्णवर्णीय, त्यात वकील, शिक्षक, मोटार कंपन्यांतले इंजिनियर. घरं भक्कम, झाडं मोठी. तरी पुढच्या काही गावांत तसंच घर कितीतरी महाग जातं. प्रत्येक घेणारा मनात म्हणतो, मला काही नाही हो, पण पुढचा घेणार नाही. कुणाच्याही मनात वाईट नसताना भाव पडतो, भाव पडला की मिलला पैसे कमी जमतात, आणि मग ती बादली.

अंजिरी

चिंचगुळ, आम्ही याच विचाराने अडकलो होतो. मग हिशोब केला. स्वस्त घरामुळे हप्ता कमी, त्यात पियानो, गणिताचा क्लास आणि उन्हाळ्याची सहल बसते. रिसेलला मिळायचं ते आधीच दरमहा मिळतंय. प्रत्येकाचा हिशोब असाच जमेल असं नाही. माझी धाकटी वर्गात एकटी भारतीय आहे, कधीकधी रडत येते. मोठीला काहीच वाटलं नाही.

चिंचगुळ

धन्स अंजिरी, हे आकड्यांपेक्षा उपयोगी आहे. विपू (विचारपूस) करते. अजून ठरलेलं नाही, लीज संपायला वेळ आहे.

कोकणी_फणस

निमाताई, एक खरंच विचारतो, टोमणा नाही. आमच्या जिल्ह्यात स्कूल्स ऑफ चॉइस बंद आहे. हे राज्याच्या राजधानीतून, लॅन्सिंगहून ठरतं की आमचेच लोक ठरवतात?

निमा_मास्तरीण

तुमचेच. निवडून दिलेलं स्कूल बोर्ड दरवर्षी ठरवतं, कुठल्या इयत्तेत बाहेरच्यांना किती जागा. शून्य म्हटलं की शून्य. ठराव बहुतेक एका दमात पास होतो, कारण त्या दिवशी कुणी येतच नाही. बोर्डाच्या साइटवर मीटिंगचं इतिवृत्त असतं, मागच्या वर्षी कुणी काय मत दिलं ते दिसेल. पब्लिक कमेंटला साधारण तीन मिनिटं मिळतात, आधी नाव नोंदवावं लागतं.

कोकणी_फणस

इतिवृत्त उघडलं. विरोधात एकच मत, आमच्याच सबडिव्हिजनमधल्या बाईंचं. दर दिवाळीला घरी फराळ पोचवतो त्यांच्या. कधी बोलल्या नाहीत.

मुलाची जागा कुणाला देईन असं अजूनही म्हणत नाही. पण आमच्या एलिमेंटरीत चार खोल्या रिकाम्या आहेत हे मला ठाऊक आहे. पुढची मीटिंग कधी आहे ते बघतो. तोवर हेमाशेपो (हे माझं शेवटचं पोस्ट).